तलाव निळा नसतो

लाखनी तालुक्यातल्या एका गावची तिसरी-चौथीची मुलं घेऊन मी पहिल्यांदा तलावावर गेलो, तेव्हा काम सोपं वाटलं होतं. तलाव समोर, कागद मांडीवर, रंगीत खडूंचे डबे मधे. ‘दिसतं ते काढा’ एवढं सांगायचं आणि पाळीवरच्या मोहाखाली बसून राहायचं. पाऊण तासाने कागद गोळा केले. चोवीस कागद होते. जवळपास सगळ्यांवर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यात उगवता सूर्य, भुवयांसारखे पक्षी, कौलारू घर आणि घराला खेटून नारळ. तलावाच्या जागी डोंगरातून निघालेली निळीशार नदी. आम्ही बसलो होतो तिथून डोंगर दिसत नव्हता, सूर्य डोक्यावर आला होता आणि नारळाचं झाड त्या गावात एकही नव्हतं.

राग आला. आधी मुलांचा, आणि शाळेपर्यंत चालत येता येता स्वतःचा. ‘देखावा काढा’ म्हटलं की काय काढायचं असतं, हे मुलांना पक्कं ठाऊक होतं. मोठ्या भावाच्या वहीत तेच, शाळेच्या भिंतीवर तेच, आणि फळ्यावर ते दोन डोंगर मीही कितीदा काढले असतील, कोण मोजतो!

पुढच्या आठवड्यात कागद-खडू शाळेतच ठेवले. तलावाला पूर्ण फेरी मारायची, एवढंच ठरवलं. फेरी अर्ध्यातच अडली. पुढे पळणाऱ्या पोरांपैकी एक जण ओरडला, ‘‘गुरजी, इकडं त पारच नाही!’’ खरंच नव्हती. पाळ संपली होती आणि पुढे बेशरमाची झुडपं, चिखल आणि धानाच्या बांध्या. मग उभ्या उभ्याच चर्चा झाली. पाळ एकाच बाजूला का? पाणी दुसरीकडून पळून का जात नाही? उत्तर मुलांनीच शोधलं, कारण घरच्या बांधीत पाणी अडवताना त्यांनी तेच पाहिलं होतं. उताराच्या अंगाला पाळ घातली की पुरे, वरच्या अंगाला जमीनच पाणी धरते. शाळेत परतल्यावर कागद दिले, तेव्हा गोल तलाव कोणीच काढला नाही. एक कड ताठ, दुसरी वेडीवाकडी, जमिनीत बोटं घुसवल्यासारखी. एका मुलीने त्या वेड्यावाकड्या कडेच्या आत आणखी दोन कडा काढल्या होत्या. बाहेरची पोळ्याची, मधली संक्रांतीची, आतली होळीची. पाणी कसं उतरत जातं ते. समोच्च रेषा वरच्या वर्गात कधीतरी शिकायच्या असतात; हिने तिसरीतच काढल्या, नाव माहीत नसताना.

रंगाशी येऊन मात्र सगळे थांबले. निळा खडू उचललेल्या मुलाने तो परत ठेवला. पाणी निळं नव्हतं. कडेला शेवाळी, मधे चहासारखं, आणि पाळीच्या सावलीत जवळजवळ काळं. डब्यात असा खडूच नव्हता.

हे पुस्तक त्या नसलेल्या खडूपासून सुरू झालं, असं म्हटलं तरी चालेल. पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन, आपल्याच गावशिवारात चित्रं, माती, ठसे, रंग, नकाशे यांच्यामार्फत शिकवायचं कसं, याचे आमचे प्रयोग पुढच्या पानांवर आहेत. ते भंडारा जिल्ह्यातले आहेत आणि भंडारा जिल्ह्यासाठीच लिहिले आहेत. पुण्या-नाशिकच्या शिक्षकांना ते जसेच्या तसे उपयोगी पडणार नाहीत. पडू नयेत, अशीच आमची इच्छा आहे. कोणत्याही गावी चालेल असा उपक्रम म्हणजे पुन्हा तेच दोन डोंगर.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाला, तरी तलावांच्या बाबतीत दोघांचा इतिहास एकच. गोंड राजांच्या काळापासून इथल्या कोहळी समाजाने उतार बघून, ओढे अडवून हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले, आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारकडे. माजी मालगुजारी तलाव, म्हणून कागदोपत्री ‘मामा तलाव’. मुलांना हे नाव फार आवडतं. कोणाचा मामा, हा प्रश्न दर वर्षी येतो आणि त्या प्रश्नाच्या आधाराने काही शतकांचा इतिहास सांगून होतो. पाळ, तुडूम, सलंग, नहर हे शब्द आजही म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. शिक्षकाला ते ठाऊक नसतील तर त्याने मुलांसमोरच विचारून घ्यावेत. आमच्या त्या तलावाच्या तुडुमाला, म्हणजे पाणी सोडायच्या दाराला, एकावर एक भोकं आणि त्यांत लाकडी खुंटे होते. पाणी खाली गेलं की वरचं भोक सोडून खालचं उघडायचं. हे मला सत्तरीच्या एका ढिवर आजोबांनी सांगितलं, मुलांच्या देखत. गुरुजींनाही ठाऊक नसतं हे पाहून मुलांना जो आनंद झाला, तो लपवण्याची त्यांनी तसदी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मातीचे तुडूम झाले, काडीचे खुंटे झाले, आणि मधल्या सुट्टीत हातपंपाखाली त्यांची चाचणी झाली.

या सगळ्यात नवं काही नाही, हेही सांगितलं पाहिजे. विदर्भाच्या शिक्षकाला हा विचार आणायला परदेशी जावं लागत नाही. भंडाऱ्याहून नागपूर आणि नागपूरहून वर्धा, एवढंच अंतर. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीम निघाली, हे डी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेलं असतं. पाठ केलेलं नसतं ते देवीप्रसाद यांचं नाव. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेला हा तरुण चित्रकार १९४४ मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आला आणि १९६२ पर्यंत तिथे राहिला. स्वतः उत्तम कुंभारकाम करणारा माणूस. पुढे मुलांच्या कलेवर त्यांनी इंग्रजीत जे पुस्तक लिहिलं, त्याच्या शीर्षकातच कला हा शिक्षणाचा पाया आहे असं म्हटलं आहे. पाया म्हणजे शुक्रवारी शेवटच्या तासाला भरायची मोकळी जागा नव्हे, हे निदान शीर्षकावरून तरी आपल्या ध्यानात यायला हरकत नव्हती.

दुसरा धडा कोसबाडचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच गुरांमागे कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. पानं, बिया, शिंपले, खडे हेच शैक्षणिक साहित्य. आपण आज साहित्यपेटीची मागणी नोंदवून तिची वाट बघत बसतो, तेव्हा अनुताईंची आठवण आली तर थोडी लाज वाटावी. मला वाटते.

पण सेवाग्रामचा एक इशाराही विसरू नये. नई तालीम गावोगाव पोचली तेव्हा पुष्कळ ठिकाणी तिची टकळी झाली. हात फिरत राहिले, विचार थांबला. परिसराधारित कलेचंही तसं होऊ शकतं, नव्हे, होतंच आहे. मुलं झाडाखाली बसवायची, फोटो काढायचा, तो गटावर टाकायचा, आणि उन्हं चढायच्या आत वर्गात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेची सांगड इतर विषयांशी घालायला सांगितली आहे, राज्यात २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ आला आहे. चांगलंच आहे. मात्र आनंदाचा अहवाल लिहिता लिहिता शनिवार संपतो, अशी तक्रार मी स्वतः केली आहे.

रंगांकडे परत येतो, कारण सगळ्यात जास्त मजा तिथेच आहे.

डब्यात चहाच्या रंगाचा खडू नव्हता म्हणून मुलांनी माती आणली. पुढच्या सोमवारी वर्गाच्या ओट्यावर नारळाच्या करवंट्यांत आणि डाळीच्या रिकाम्या पिशव्यांत माती जमली होती. कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी ही आपल्या भागातली जमिनीची जुनी नावं. मोजणीच्या आणि लगानाच्या काळापासून चालत आलेली, आणि अजूनही ‘कन्हारात हरभरा घ्यावा’ अशा बोलण्यात जिवंत. कन्हार काळी, चिकट. बरडी लालसर, खडीची. मुलांनी ती कुटली, फडक्यातून गाळली, बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्यात कालवली, आणि ब्रश नव्हते म्हणून पळसाच्या मुळीचं टोक ठेचून त्याचे कुंचले केले. कागदावर वाळल्यावर सिहार इतकी फिकी निघाली की एकाने ती पांढऱ्याऐवजी वापरली. कोणाच्या शेतातली माती कोणता रंग देते, याचा तक्ता भिंतीवर लागला. तो तक्ता म्हणजे गावाचा मृदा नकाशा होता. पण मुलांच्या लेखी तो ‘आमच्या वावराचा रंग’ होता, आणि ज्यांना वावर नाही त्यांनी तलावाच्या गाळाचा रंग आपला म्हणून लावला. हे मी आधी योजलेलं नव्हतं. वावर नसलेली मुलं काय करतील, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता, त्यांनीच तो सोडवला.

फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा फुलं उकळून केशरी-पिवळा रंग काढायचा. हळदीत चुना टाकला की लाल होते, हे आई-आजीच्या कुंकवाच्या गोष्टीतून कळतं. तुमसर तालुक्यातल्या शाळांना आणखी एक मोह पडेल. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत आणि मँगनीजचा काळा रंग फार देखणा असतो. त्याची भुकटी मुलांच्या हाती देऊ नका. ती श्वासातून जाणं चांगलं नाही. दगड हातात घ्यावा, त्याचं वजन जोखावं, खडबडीत फरशीवर त्याची रेघ ओढून बघावी आणि हात धुवावेत. तेवढं पुरे.

जवळून बघणं म्हणजे किती जवळून, याचं माझ्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण कोसाचं आहे. आपल्या जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव, पवनी या भागात कोसा विणला जातो. पातळ, पागोटी, उपरणी मुलांनी लग्नात पाहिलेली असतात. ऐनाच्या किंवा अर्जुनाच्या झाडावरचा कोष मात्र पुष्कळांनी हातात घेतलेला नसतो. एका शाळेत आम्ही प्रत्येक दोघांत एक कोष दिला आणि तो त्याच्या खऱ्या आकाराच्या चौपट मोठा काढायला सांगितला. मोठा काढायचा म्हटलं की आठवणीतलं अंडं काढून भागत नाही, पुन्हा पुन्हा बघावंच लागतं. दहा मिनिटांनी कोणीतरी विचारलं, हे देठ कशाचं? कोषाच्या टोकाला काळपट, ताठ देठ असतो आणि त्याच्या शेवटी एक कडं. अळी आधी फांदीभोवती ते कडं विणते, त्याला देठ जोडते आणि मग त्या टांगणीला आपलं घर लटकवते. वादळात पान गळेल, कोष गळत नाही. मी तोवर कोसाबद्दल दोन भाषणं ठोकली होती, पण कडं पाहिलं नव्हतं. आठ वर्षांच्या मुलाच्या पेन्सिलीने ते मला दाखवलं.

माणसांची चित्रं याहून अवघड. रोवणीच्या दिवसांत बांधावर बसून मुलांनी बाया काढल्या. विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर शाळांनंतर उघडतात आणि उघडल्या की थोड्याच दिवसांत रोवणी, म्हणून पुस्तकातला हा पहिला उपक्रम आहे. वाकलेली आई काही केल्या कागदावर येईना. पाय सरळ काढले तर ती आडवी पडल्यासारखी दिसे. शेवटी एका मुलाने आपल्या मित्राला बांधावर वाकवून उभं केलं, हातात पऱ्ह्याची पेंढी दिली आणि ‘हालू नको’ म्हणून दम भरला. मित्र दोन मिनिटांत कुरकुरायला लागला, कंबर दुखते म्हणून. समोरच्या बाया सकाळपासून त्याच अवस्थेत मागे मागे सरकत होत्या. त्यावर मी काही बोललो नाही, मुलंही बोलली नाहीत. चित्रात मात्र त्या दिवशी सगळ्यांच्या आयांच्या पाठी फार लांब आल्या.

चित्राखाली मुलं जे लिहितात, त्याला लाल शाई लावू नका, ही या पुस्तकाची एकमेव सक्ती समजा. झाडीबोलीत ळ नाही. मुलगा डोळ्याला ‘डोरा’ म्हणतो आणि तसंच लिहितो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं; मारुती चितमपल्ली नवेगावबांधला होते तेव्हा इथल्या पक्ष्यांची, झाडांची नावं त्यांनी इथल्याच माणसांकडून घेतली. मोठमोठी माणसं ज्या शब्दांसाठी वही घेऊन फिरली, ते शब्द तुमच्या वर्गात फुकट येऊन बसले आहेत. शुद्धलेखनाचा तास वेगळा ठेवा. पाळीवर नको.

आता पालकांचं. सभेत एका बापाने मला विचारलं, ‘‘माती त आमच्या घरी बी आहे गुरजी, शाळेत कायले पाठवतो मंग?’’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवला, त्याला आपलं पोर चिखलातून बाहेर निघायला हवं आहे, आणि शाळा हा त्याचा एकच रस्ता. त्याला निसर्गाचं कौतुक सांगणं हा शहरी उद्धटपणा होईल. मी त्याला तो मातीच्या रंगांचा तक्ता दाखवला आणि प्रत्येक मातीत किती पाणी मुरतं, याची मुलांनी मापं घेऊन मांडलेली आकडेमोड दाखवली. तो बघत राहिला. त्याचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत हे विचारतात का, असं त्याने जाताना विचारलंच. सरळ विचारत नाहीत, असं मी खरं सांगितलं.

कलाशिक्षक कुठून आणायचा, हा दुसरा प्रश्न शिक्षकांचा. तो येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरावर पट असेल तर अर्धवेळ कलानिदेशक सांगितला आहे. पहिली ते पाचवीला तोही नाही. दोन शिक्षक आणि पाच वर्ग, ही आपली नेहमीची स्थिती. मला चित्र येत नाही, असं म्हणून हात झटकणाऱ्या शिक्षकांना माझं सांगणं आहे की ते बरंच आहे. ज्याला येतं तो मुलांच्या हातातून पेन्सिल घेऊन ‘असं काढ’ म्हणतो. आणि परिसर अभ्यास, गणित, भाषा सगळं एकाच माणसाकडे असल्याचा फायदा असा की तलावाची कड मोजताना कोणाची तासिका गेली म्हणून भांडण होत नाही. बालभारतीने तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार काढलं, ती चांगली सोय होती. आपण गावापर्यंत उतरायचं आहे, एवढंच.

एक प्रकरण लिहिताना हात जड झाला. पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं आणि पुढे किती तरी गावं पाण्याखाली गेली. पुनर्वसनाच्या गावठाणात रस्ते काटकोनात असतात, घरांना नंबर असतात. तिथल्या मुलांना ‘तुमचं गाव बघा’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या शाळांसाठी उपक्रम उलटा केला आहे. मुलांनी आजी-आजोबांजवळ बसायचं आणि ते सांगतील तसा जुन्या गावाचा नकाशा काढायचा. वड कुठे, विहीर कुठे, कोणाच्या दारात पाण्याचा हंडा असायचा, वैनगंगेवर उतरायची वाट कोणती. दोन म्हाताऱ्यांची विहीर दोन जागी निघाली तर दोन्ही काढायच्या. त्याच पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपाचे अवशेष मिळाले, कोरीव खांब आणि ब्राह्मी लेख मिळाले. गाडलं गेलेलं गाव पुन्हा रेषेत आणता येतं, हे मुलांना सांगायला ती टेकडी उपयोगी पडते.

तान्हा पोळ्याच्या प्रकरणाबद्दल थोडं. बाजारात रंगवलेले लाकडी बैल मिळतात आणि मिळोत. पण पोळ्याच्या आठवड्यात प्रत्येकाने तलावाच्या गाळाचा एक बैल करावा आणि तो करण्याआधी गोठ्यात जाऊन खऱ्या बैलाचं वशिंड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते हात फिरवून पाहावं. वाळताना निम्म्या बैलांचे पाय तुटतात. तुटू द्या. चार पायांवर वजन कसं तोलायचं, हे त्याशिवाय कळत नाही, आणि दुसऱ्या बैलाचे पाय आपोआप जाड होतात. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार आणि नाटकं बघून आलेल्या मुलांसाठी पडदे रंगवण्याचा उपक्रम आहे. तो अजून कच्चा आहे. दोनदा केला, दोनदा फसला. सुचतं ते कळवा.

काही कोरड्या सूचना. पाळीवर जाताना दोन मोठी माणसं हवीतच, एक पुढे, एक मागे. पाण्यात घोट्याच्या वर कोणीही उतरायचं नाही. रोवणीच्या दिवसांत बांधावर साप असतात, तेव्हा बसण्याची जागा आधी काठीने झाडून घ्या. मार्चपासून साडेनऊनंतर बाहेर थांबू नका. कागद नसेल तर जुन्या कॅलेंडरची पाठ उत्तम.

उपक्रम महिन्यांच्या क्रमाने लावले आहेत, जूनअखेर ते एप्रिल. पण पुस्तक हाती पडेल तेव्हा जो ऋतू असेल, तेच प्रकरण आधी उघडा. उन्हाळ्यात मिळालं तर शेवटच्या प्रकरणातला मोह घ्या. त्यासाठी पहाटे पाचला झाडाखाली पोचावं लागतं. फुलं तेव्हाच पडत असतात, आणि वेचायला आलेल्या निम्म्या पोरी तुमच्याच वर्गातल्या असतील.